चुन्यावरची रेघ

धुरपताबाईच्या धाकट्या भावाला, सुग्रीवला, दुसरी मुलगी झाली आणि वैशाखात तिचं नाव दैवशाला ठेवलं, ते फसली तेराशे सत्तावन्न साल. इंग्रजी हिशेबानं एकोणीसशे अठ्ठेचाळीस. त्याच बारशाच्या दिवशी, पंगत उठल्यावर, सुग्रीवनं धुरपताबाईच्या नवऱ्याला, मुंजाजीला, गोठ्यामागं नेऊन तोफेचं पहिल्यांदा विचारलं. त्यामुळं पुढं जन्मभर त्या पोरीचं वय कुणी विचारलं की मुंजाजीला आधी तोफ आठवायची आणि मग पोरगी. भाद्रपदात पित्रांचा पंधरवडा लागला होता, निजामाची राजवट जाऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा मुंजाजी परभणीच्या कापसाच्या प्रेसमध्ये मोठ्या यंत्राच्या बुडाशी उकिडवा बसून त्याच्या दात्यांना तेल देत होता. पावसाळ्यात प्रेस बंद असते. बाकीचे गडी आपापल्या गावी पिकं बघायला गेले होते. यंत्र गंजू नये म्हणून याला एकट्याला ठेवून घेतलं होतं. शेजारी पत्र्याच्या पसरट डब्यात तेल होतं, त्यावर झरोक्यातून उजेड पडला होता, आणि त्या उजेडाच्या तुकड्यावर एकाएकी बारीक वळ्या उठल्या. मग तळपायाला कळलं. मग छपरातली कबुतरं फडफडत उठली. कानाला कळलं ते सगळ्यात शेवटी, तेही डाव्या. उजवा कान तो लढाईच्या काळात समुद्रकाठी ठेवून आला होता.

"धरली," मुंजाजी स्वतःशीच म्हणाला. का म्हणाला ते त्याला अजून उमगलं नव्हतं. तोंड आधी बोललं होतं.

दारावरचा गडी धावत आत आला. मुंजाजीच्या डाव्या बाजूला येऊन, कानाशी तोंड नेऊन ओरडला, "ऐकलाव का? न्हाई, तुमी कशाचं ऐकताव! ताडकळसची तोफ आणलीय गावात. मिरवणूक हाय. चौकाचौकाला बार काढायलेत. तुमच्या सासुरवाडीची तोफ, अन् तुमी हितं लोखंडाला तेल चोळत बसलाव!"

"कोण कोण आलंय?"

"सारं गाव लोटलंय. तुमची मंडळी बी हाय की तिथं. दर बाराच्या आधी तोफंला कुंकू लावायचा मान तिला दिलाय. मेलेल्या सुग्रीवची बहीण म्हणून." मग गड्यालाच आपण काय बोललो ते कळलं. त्यानं डोक्यावरचा रुमाल उगाच सारखा केला आणि तो परत दाराकडं गेला.

सकाळी धुरपताबाई म्हणाली होती, बाजारात जाऊन येते. तिनं खोटं सांगितलं नव्हतं. तोफ बाजारातच होती. मुंजाजीनं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि तेलाकडं बघत राहिला. वळ्या थांबल्या होत्या. मघाशी 'धरली' म्हणताना आपल्याला नेमकं काय वाटलं ते तो आता हळूहळू चाचपत होता. तोफ फुटली नाही याचा आनंद नव्हता तो. भाकरी तोंडाशी न्यावी आणि कुणी ताट ओढावं, तसं काहीतरी होतं. म्हणजे ती फुटायला हवी होती? आणि धुरपता शेजारी उभी असताना? तो उठला. गुडघ्यातून कट्‌ असा आवाज आला असणार; ऐकू आला नाही, नुसता जाणवला. पायांत जोडा न घालताच तो प्रेसच्या दारातून बाहेर पडला.

'धरली' हा शब्द तिथला होता, समुद्रकाठचा. दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी तो लष्कराच्या भरतीत नाव नोंदवून गेला, सोबत पाथरीकडचा सटवाजी. दोघांना वाटलं होतं, बंदुका मिळतील. मिळाली ती फावडी. आगगाडीनं तीन मुलूख ओलांडून त्यांना नेलं ते अशा एका किनाऱ्यावर, जिथं पाणी नव्हतंच. नजर पोचेल तिथवर करडा, चकचकीत चिखल. संध्याकाळी बघतात तर त्याच चिखलावर समुद्र. सटवाजी हसून हसून खाली बसला होता. "मुंजा, कुणाचं पाण्याचं बारं चाललंय म्हणं हे? दिवसातून दोनदा रान भिजवतंय अन् पीक तर काईच न्हाई!" पीक होतं, ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. जहाजांवर चढवायच्या तोफा आधी त्या किनाऱ्यावर आणत. लोखंडी चौथऱ्यावर तोफ बांधायची, नेहमीपेक्षा जास्त दारू भरायची, सगळ्यांनी जाड भिंतीआड जायचं आणि लांबून दोरी ओढून बार काढायचा. फुटायची असेल तर इथं फुटू दे, भर समुद्रात माणसांनी भरलेल्या जहाजावर नको. बार झाला आणि तोफ सलामत राहिली की चौथऱ्यावरून हाक यायची, "धरली!" मग ओहोटीला मुंजाजी, सटवाजी आणि आणखी शेकडो माणसं त्या चिखलात आत आत चालत जायची आणि रुतलेले गोळे उकरून काढायची. गोळा किती लांब गेला, कसा पडला, हे साहेब लोक मोजून घ्यायचे. गोळे वाहून आणायचे हे यांच्याकडं. भरती यायच्या आत परत फिरायचं. परत येताना मुंजाजी मागं वळून बघायचा, तर त्यांच्या पावलांवर पाणी चढलेलं असायचं. इथं परभणीकडं काळ्या रानात पावसात उमटलेलं पाऊल वाळून तसंच राहतं; बैलाचा खूर आणि बापाची टाच ओळखू येते. तिथं रोज सगळं पुसलेलं. पहिल्या पहिल्यांदा त्याला रात्री त्याचीच भीती वाटायची.

तो आता पेठेच्या रस्त्याला लागला होता. लोक गुलाल लावून हिंडत होते, एकानं त्याच्याही कपाळाला फासला. कुणीतरी काहीतरी म्हणालं, ते उजव्या बाजूनं म्हणालं म्हणून गेलं वाऱ्यावर. आणि तेवढ्यात दुसरा बार झाला. या खेपेला छातीच्या पिंजऱ्यात बसला. एका दुकानातल्या पितळी तराजूची पारडी थरथरली. मुंजाजी जागच्या जागी उभा राहिला. लोक ओरडत होते ते आनंदानं की भयानं हे त्याला आवाजावरून कळेना, तोंडांवरून कळलं. हसत होते. धरली. पुन्हा तेच, ताट ओढल्यासारखं. त्यानं स्वतःच्या मांडीला जोरात चिमटा काढला, लहानपणी आई काढायची तसा, आणि चालू लागला.

सटवाजी ज्या तोफेनं मेला ती पाच वेळा धरली होती. सहाव्या बाराची ही गोष्ट. रीत अशी होती की भारी बार काढले की तोफ तपासायची. तिथं एक म्हातारा मिस्त्री होता, कुठल्या मुलखाचा ते कधी कळलं नाही, मोडकं हिंदुस्थानी बोलायचा. तो तोफेला घासलेट चोळायचा, फडक्यानं कोरडी ठाक पुसायचा आणि वर चुन्याचा पातळ हात द्यायचा. चुन्याची बादली धरायला मुंजाजी. मग मिस्त्री बिडी पेटवून दूर जाऊन बसायचा. मुंजाजी घाई करू लागला की म्हणायचा, "ठहर." लोखंडाला कुठं तडा गेला असेल, डोळ्याला न दिसणारा, तर त्यात मुरलेलं घासलेट हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या चुन्यावर केसासारखी काळपट रेघ उमटते. मुंजाजीनं अशी रेघ दोनदा बघितली होती. तिसऱ्यांदा बघायची वेळ आली तेव्हा ओहोटी संपत आली होती. साहेब लोकांना पाणी यायच्या आत आणखी एक गोळा चिखलात टाकायचा होता. चुना राहू द्या म्हणाले. मिस्त्री काही बोलला, त्याला गप्प बसवलं. सटवाजी चौथऱ्यावर पाण्याची मशक घेऊन होता, त्याला खाली यायला कुणी सांगितलं नाही, की सांगितलं आणि त्याला ऐकू गेलं नाही. मुंजाजी भिंतीच्या कडेला होता. उजवी बाजू तोफेकडं. तेवढंच. नंतर सगळे चौथऱ्याकडं धावले आणि मिस्त्री मात्र मुंजाजीच्या हातातली चुन्याची बादली काढून घेत होता. मुंजाजीची बोटं काही केल्या सुटत नव्हती.

लढाई संपली, मुंजाजी परत आला. गावी जमिनीचा तुकडा थोरल्या भावाकडं होता, म्हणून तो परभणीला प्रेसमध्ये लागला. समुद्र कसा असतो हे धुरपताबाईनं विचारलं, ते त्यानं सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. धुरपताबाईला मग जेवढं कळलं तेवढ्यात तिनं आपलं भर घालून माहेरी सांगितलं. ताडकळसला आठवड्याच्या बाजारात बोललं जाऊ लागलं की धुरपताच्या आईचा, सारजाबाईचा, जावई जहाजाच्या तोफा बनवून आलाय. मुंजाजीच्या कानावर आलं तेव्हा ते इतकं जुनं झालं होतं की आता नाही म्हणणं म्हणजे बायकोला चारचौघांत खोटं पाडणं. शिवाय गोड वाटायचं थोडं. सासुरवाडीला गेलं की खाटेवर वाकळ अंथरली जायची. चिखल उपसणाऱ्यासाठी कोण वाकळ अंथरतं!

बारशाच्या दिवशी गोठ्यामागं सुग्रीव म्हणाला होता, "दाजी, आपलं गाव रस्त्यावर हाय. आज ना उद्या रझाकारांची टोळी येणार. बंदुका त्यांच्याकडं, आमच्याकडं गोफणी. लोहाराला एक इंजिनाची जाड नळी घावलीय. तो म्हणतोय तोफ व्हईल. तुमी नुसतं बघा."

"मी काय बघू?"

"तुमी न्हाई तर कोण? आमी काय समुद्र बघितलाय व्हय?"

सुग्रीव असाच होता. त्याचा आवाज मुंजाजीच्या मेलेल्या कानातही जायचा, कारण तो बोलताना समोरच्याचं मनगट धरायचा. मुंजाजी म्हणाला, बघू. लोहारानं नळीचं एक तोंड बंद केलं. गाडीच्या चाकावर तापवून लोखंडी धाव चढवतात आणि पाण्यानं आवळून घेतात, तशी नळीवर लोखंडी कडी चढवली. बत्ती द्यायला मागं भोक पाडलं. श्रावणात निरोप आला, जावईबापूंना घेऊन या. सारजाबाईच्या घरची रीत, नवी गाडी असो की नवा नांगर, पहिला हात जावयाचा. नारळ फोडायचा, जावयानं हात लावायचा, मग घरच्यांनी. तोफेचाही पहिला बार जावयाच्या हातचा, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. मुंजाजी गेला आणि त्यानं तो मान नाकारला. पहिल्या बाराला तोफेजवळ कुणी म्हणजे कुणी थांबायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्याला तोफेतली खात्रीनं माहीत होती. सारजाबाईचं तोंड उतरलं. "मग कुणी हात लावायचा? भुतानं?" सुग्रीव हसला आणि म्हणाला, "आई, दाजी म्हणतेत तसं." त्यांनी ओढ्याच्या घळीत तोफ दगडांत बांधली, दारू दीडपट भरली, लांबलचक वात केली, आणि ढग गडगडायची वाट बघत बांधाआड पडून राहिले. आभाळ वाजलं तेव्हा सुग्रीवनं वात पेटवली. बार असा झाला की घळीतली माती वरून ढासळली. सुग्रीव उठून नाचायला लागला. तोफ होती तशी होती.

"धरली," मुंजाजी म्हणाला. "आता घासलेट आणा. अन् चुना."

तोफ गाडीत कडब्याखाली घालून गावात आणली आणि मारुतीच्या देवळामागच्या खोलीत ठेवली. मुंजाजीनं घासलेट चोळलं, पुसलं, चुना दिला. सगळे बघत होते. एकजण म्हणाला, "तोफंचं लगीन हाय वाटतं, हळद कधी लावताव?" मुंजाजी म्हणाला, "ठहर." तो शब्द त्याच्या तोंडून आला आणि त्याला मिस्त्रीच्या बिडीचा वास आला. खोलीत अंधार झाला होता, रेघ उजेडात बघायला हवी, म्हणून दाराला कडी लावून तो सासुरवाडीला जेवायला गेला. सकाळी लवकर येऊन बघतो तर तोफ लालभडक. सारजाबाई आणि गल्लीतल्या बायांनी पहाटे न्हाऊन, तेलात शेंदूर कालवून, तोफेला बुडापासून तोंडापर्यंत जाड लेप दिला होता. जिनं पहिल्याच बाराला गावाची लाज राखली तिला पांढरीफटक, विधवेसारखी कशी ठेवायची? मारुतीरायाचंच रूप ते. समोर उदबत्ती जळत होती. चुना खाली गेला होता, आणि चुन्यावर रात्रीतून जे काही उमटलं असेल नसेल तेही.

मुंजाजीला रडू आलं होतं, हे कुणाला कळलं नाही. त्यानं कोपऱ्यातलं खुरपं घेतलं. सारजाबाई आडवी आली. "जावईबापू, लेप दिलेला देव खरवडत न्हाईत. घराला लागंल."

"मामी, सरका."

"सुग्रीव, तुझ्या दाजीला सांग."

सुग्रीवनं आईला हाताला धरून बाजूला घेतलं. मुंजाजी खरवडू लागला. शेंदूर तेलकट, चुना ओला, दोन्ही मिळून गुलाबी लगदा होऊन खुरप्यावर येत होता. बायांनी तोंडं फिरवली. दुसऱ्या कड्याच्या खाली, बत्तीच्या भोकाजवळ, लोखंड उघडं पडलं, आणि तिथं एक रेघ होती. दोन बोटं लांब, केसाएवढी. तो खिडकीशी सरकला, तोंडाची वाफ दिली, अंगठा फिरवला. मिस्त्री अंगठा फिरवायचा. पण मिस्त्रीच्या अंगठ्याला काय कळायचं ते मुंजाजीच्या अंगठ्याला कुठून कळणार? त्यानं बादली धरली होती, अंगठा नव्हता फिरवला. सुग्रीवनं वाकून त्या रेघेवर नख लावलं.

"दाजी, ही खुरप्याची रेघ हाय."

"तडा हाय."

"नक्की?"

मुंजाजीच्या डोळ्यांसमोर तेव्हा रेघ नव्हती, मशक होती. "नक्की," तो म्हणाला. सुग्रीवनं त्याचं मनगट धरलं, थोडा वेळ त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि सोडलं. त्याच दिवशी तोफ परसातल्या कडब्याच्या गंजीत पुरली गेली. कुणाला आवडलं नाही. सुग्रीवचा चुलतभाऊ वैजीनाथ म्हणाला, घोडं तपासायला आणलं आणि वैद्यानं घोडं मारलं. पण सुग्रीवनं सांगितलं की दाजी म्हणतात तसं, आणि गावात सुग्रीवचं ऐकत.

तिसरा बार झाला तेव्हा मुंजाजी चौकाच्या तोंडाशी होता. धूर दिसला, शेंदरी कपड्यांतून, गुलालातून वर चढणारा. तो गर्दीत घुसला. त्याला एकच वाटत होतं, पाच वेळा धरलेली तोफ त्यानं बघितली आहे. घळीतला एक, आजचे तीन. लोकांना वाटतं, एकदा धरली म्हणजे धरली. लोखंडाचं तसं नसतं. ते आतल्या आत मोजत असतं. की हे तो स्वतःला सांगत होता? कारण ही तोफ चांगली असेल, रेघ खुरप्याची असेल, तर मग पोळ्याच्या आदल्या दिवशी ताडकळसच्या वेशीत काय झालं असतं? भर दुपारी टोळी आली. बाया बैलांच्या शिंगांना रंग लावत होत्या. सुग्रीव आणि दहा-वीस जण गोफणी घेऊन वेशीत उभे राहिले. एक बार, नुसता आवाज, आणि टोळी पळाली असती, असं गाव म्हणत होतं. मुंजाजीच्या तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. तो सुग्रीवच्या मातीला गेला तेव्हा सारजाबाईनं त्याला पाणी दिलं होतं आणि नुसतं 'घ्या' म्हणाली होती. जावईबापू म्हणाली नव्हती. धुरपताबाई तर त्यावर एक अक्षर बोलली नाही. रोज भाकरी वाढायची, रोज त्याच्या डाव्या बाजूलाच बसायची. तोफ फुटली तर हे सगळं संपेल. तोफ फुटली तर तो बरोबर. त्यासाठी चार माणसं मरावी लागतील, आणि त्यांतली एक डब्यातून कुंकू घेऊन तोफेला टिळा लावत असेल.

चौकात बैलगाडीवर तोफ होती, चाकांखाली दगड अडकवलेले. गाडीच्या भोवती माणसांचं कडं, इतकं दाट की मुंगी शिरेना. वैजीनाथच्या हातात पेटती वात होती. पुढं गावातले वकील दिनकरराव, पांढरी टोपी घालून, घोषणा देत होते. वैजीनाथनं मुंजाजीला पाहिलं आणि हसला. "या, या! तोफंचे वैद्य आले! दाजी, तीन बार झाले. तुमचा तडा कुठं गेला?" लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, आनंदाचा दिवस होता. आणि तोफेच्या तोंडाशी धुरपताबाई होती, अनामिका कुंकवानं लाल. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हेच त्याला सोसेना.

"मागं सरका सगळे," तो म्हणाला. कुणी हललं नाही. त्यानं दिनकररावांना हात जोडले, "साहेब, सरकवा लोकांना, तोफ फुटंल." दिनकररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, आज असं अशुभ बोलू नका." इथंही तेच, शेंदूर लावलेल्या दिवसात कुणाला चुना नको होता. मुंजाजी उभा राहिला. मग त्याला कुठून सुचलं कोण जाणे, तो वैजीनाथकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "माझा मान ऱ्हायलाय."

"कसला मान?"

"पहिल्या हाताचा. घळीत मी हात लावला नव्हता, सगळ्यांना म्हाईत हाय. जावयाचा हात न लागता बार काढायलाव तुमी. मामीला इचारा, चालतंय का."

हसू थांबलं. ताडकळसची माणसं एकमेकांकडं बघू लागली. गाडीमागं बसलेली सारजाबाई उठली. मुलाच्या मातीपासून ती पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ बघत होती. "दे त्याच्या हातात," ती वैजीनाथला म्हणाली. "जावयाचाच हाय तो."

"अन् मान एकट्याचा असतो," मुंजाजी म्हणाला. "सगळे त्या भिंतीआड. पार आड." आता कुणी वाद घातला नाही, मान म्हटल्यावर काय वाद घालणार! धान्याच्या कोठाराच्या दगडी भिंतीमागं माणसं सरकू लागली. दिनकररावही सरकले. चौक रिकामा झाला, पायांचे ठसे आणि गुलाल तेवढा राहिला. धुरपताबाई हलली नव्हती.

"तू बी जा."

"तुमाला आता तरी नक्की म्हाईत हाय का?" तिनं विचारलं. त्याच्या डाव्या कानाशी, हळू.

"न्हाई." आणि मग, इतक्या दिवसांनी, "तवा बी नव्हतं."

ती म्हणाली, "सुग्रीवला ठाव होतं ते. राखीला आलता तवा म्हणला, अक्का, दाजीला तोफंतलं काई कळत न्हाई. पर ते कायतरी बघून आलेत. त्यांचं भ्या खोटं न्हाई, म्हणला." तिनं बोटावरचं उरलेलं कुंकू त्याच्या मनगटाला पुसलं, सुग्रीव धरायचा तिथं, आणि ती भिंतीकडं चालत गेली. तिच्या चालण्यात घाई नव्हती. ती आड होईपर्यंत मुंजाजी थांबला. ठहर, त्यानं स्वतःला सांगितलं.

मग त्यानं उजवी बाजू तोफेकडं केली. बत्तीच्या भोकाजवळ शेंदूर पुन्हा जाड बसला होता. त्याखाली रेघ असेल. त्यानं खरवडलं नाही. आता ते ताट ओढल्यासारखं नव्हतं. फुटावी असंही वाटत नव्हतं, फुटू नये असंही नाही. नुसतं पाणी दूर गेल्यावरचा चिखल असतो तसं सपाट, आणि त्यावर एकटी त्याची पावलं. त्यानं वात लावली.

चौक हलला. धूर त्याच्या अंगावरून गेला. धूर ओसरल्यावर तो उभा होता आणि तोफ गाडीवर होती. भिंतीमागून लोक धावत आले, वैजीनाथनं त्याला मिठी मारली, कुणी खांद्यावर घ्यायला लागलं, सारजाबाई 'जावईबापू' असं काहीतरी म्हणत होती. त्याला कुठलाच शब्द ऐकू येत नव्हता. त्यानं अंगठा तापलेल्या लोखंडावर ठेवला. शेंदूर मऊ होऊन अंगठ्याला लागला. अंगठ्याला काही कळलं नाही.

तोफ पुढं बाकीच्या हत्यारांबरोबर सरकारात जमा झाली. ती कधी फुटल्याचं कुणी ऐकलं नाही, आणि तिच्यानं कुणी मेलं नाही. सटवाजी लढाईत, समुद्रकाठी, सहाव्या बाराला मेला. सुग्रीव एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ताडकळसच्या वेशीत गोळी लागून मेला. तेव्हा दैवशाला अजून बसायला शिकत होती.